हिशेब पोचेत्तिनोचा

आमचा लाडका लंडनचा फुटबॉल क्लब म्हणजे टॉटनहॅम. ते ओळीनं तीन सामने हरलं की आमच्या गप्पांत त्याच्या जुन्या मॅनेजरचं, मॉरिसियो पोचेत्तिनोचं नाव निघतं. दोन हरेपर्यंत रेफ्री, व्हीएआर (म्हणजे व्हिडिओ बघून दिलेले निर्णय) आणि बचावफळीतल्या कुणाचा तरी दुखावलेला स्नायू यांच्यावर भागतं. तिसऱ्या पराभवानंतर मात्र कुणीतरी म्हणतंच, "त्याला परत आणा रे." मग रात्रीचे अडीच वाजलेले असोत की सकाळी कामावर जायचं असो, पुढचा तासभर गेलाच म्हणून समजा.

पक्ष ठरलेले आहेत. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, लंडनला हॅरोत राहतो आणि जमेल तेव्हा मैदानात जाऊन सामना बघतो. परत-आणा पक्षाचा तो अध्वर्यू. "अरे, काम अर्धवट राहिलंय त्याचं. ज्यानं पाया घातला त्यालाच कळस चढवू दे ना." आमचा डॉक्टर मित्र विरोधी बाकांवर. तो म्हणतो, "पाया ज्ञानदेवांनी घातला, कळस तुकोबांनी चढवला. दोन्ही एकानंच केल्याचं तू कुठे ऐकलंस?" तिसरा आमच्या सोसायटीतला कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला ही सगळी चर्चाच विनोदी वाटते. "काका, तुमचा पोचेत्तिनो जिंकला काय, तेवढं सांगा." इथे दोन्ही पक्ष गप्प होतात, कारण टॉटनहॅममधल्या साडेपाच वर्षांत त्यानं एकही चषक जिंकला नाही.

ज्यांना इंग्लिश फुटबॉलचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. पोचेत्तिनो मूळचा अर्जेंटिनाचा, सांता फे प्रांतातल्या मर्फी नावाच्या छोट्या गावचा. मे २०१४ मध्ये तो साउदॅम्प्टन सोडून उत्तर लंडनला टॉटनहॅमचा मॅनेजर म्हणून आला. त्याच्या पाच पूर्ण मोसमांत टॉटनहॅमचे लीगमधले नंबर असे: पाचवा, तिसरा, दुसरा, तिसरा, चौथा. २०१६-१७ मध्ये ८६ गुण झाले. एखाद्या वर्षी तेवढ्यात लीग जिंकता येते, पण त्या वर्षी चेल्सीनं ९३ केले. हॅरी केन लागोपाठ दोन मोसम लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. यातला बराच काळ जुनं मैदान पाडून नवं बांधायचं चाललं होतं आणि संघ बाडबिस्तरा घेऊन वेम्ब्लीला बिऱ्हाडकरूसारखा राहत होता. घरचे सामनेही दुसऱ्याच्या घरी.

माणूसही गमतीचा. वैश्विक ऊर्जेवर त्याचा विश्वास होता आणि ऑफिसात तो लिंबं ठेवायचा, वाईट ऊर्जा शोषून घेतात म्हणून. आपल्याकडे रिक्षावाला शनिवारी लिंबू-मिरची बांधतो आणि विषय संपतो. इंग्लंडमधल्या पत्रकारांनी मात्र त्या लिंबांवर रकानेच्या रकाने लिहिले. डॉक्टर अजूनही म्हणतो की लिंबं होती म्हणून निदान पाच वर्षं तरी नीट गेली.

आणि मग २०१८ चा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात टॉटनहॅमनं एकही खेळाडू विकत घेतला नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये ट्रान्सफर विंडोची, म्हणजे ठरावीक काळातच खेळाडू घ्यायची-विकायची पद्धत सुरू झाल्यापासून उन्हाळ्यात असं एकाही क्लबनं केलं नव्हतं. जानेवारीतही कुणी आलं नाही. मैदानाचा खर्च वाढत चालला होता आणि पैशाची दोरी डॅनियल लेवीच्या हातात होती. २००१ पासून क्लबचा चेअरमन असलेला हा गृहस्थ व्यवहाराला इतका चोख की त्याच्याशी सौदा करायला समोरचे क्लब कंटाळत. नेमक्या त्याच मोसमात टॉटनहॅम चॅम्पियन्स लीगच्या, युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात पोचलं. योगायोग म्हणा किंवा पोचेत्तिनोचं दुर्दैव.

ॲमस्टरडॅमची ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. ८ मे २०१९, आपल्याकडे कॅलेंडर पुढच्या तारखेला गेलेलं. अयाक्सविरुद्धचा उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिला सामना घरच्या मैदानावर ०-१ हरलेला, केन दुखापतीनं बाहेर, आणि इथे मध्यंतरापर्यंत अयाक्सचे दोन गोल. म्हणजे एकूण ०-३. दादाचा मेसेज आला, "झोप आता." मी टीव्हीचा आवाज बंद केला, पण टीव्ही बंद केला नाही. पंचावन्नाव्या मिनिटाला लुकास मोरानं एक गोल केला, एकोणसाठाव्याला दुसरा. मग अर्धा तास नुसती तडफड. अयाक्सचा एक फटका खांबाला लागून परत आला, आमच्या व्हर्टोंगेनचा एक आडव्या दांड्याला लागला. जादा वेळेची पाच मिनिटं संपून सहावं चाललं होतं तेव्हा डेले आलीनं हलकेच पुढे ढकललेला चेंडू मोरानं डाव्या पायानं जाळीत घातला. एकूण ३-३, आणि बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या तेव्हाच्या नियमानं टॉटनहॅम अंतिम फेरीत. शिट्टी झाली तेव्हा पोचेत्तिनो गुडघ्यावर बसून रडत होता. बंद आवाजात बघितलेलं ते रडणं. मोठ्यानं ओरडायची सोय नव्हती, घरात सगळे झोपलेले.

माद्रिदच्या अंतिम सामन्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अर्धं मिनिट व्हायच्या आत सिसोकोच्या हाताला चेंडू लागला, सालाहनं पेनल्टी मारली आणि लिव्हरपूल २-० नं जिंकलं.

पुढचं झपाट्यानं झालं. त्या जुलैत पोचेत्तिनो पत्रकारांना म्हणाला की माझ्या पदाचं नाव बदला, मी नुसता कोच आहे, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं मला काही विचारू नका. सप्टेंबरात चौथ्या पायरीवरच्या कोलचेस्टरकडून लीग कपमध्ये हार झाली. ऑक्टोबरात बायर्न म्युनिकनं आमच्याच नव्याकोऱ्या मैदानावर सात गोल घातले आणि त्याच आठवड्यात ब्रायटननं तीन. नोव्हेंबरात लीगमध्ये चौदावा नंबर होता. १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पोचेत्तिनोला काढल्याची बातमी आली, आणि बारा तासही उलटले नाहीत तोवर त्याच्या जागी जोझे मोरिन्हो आला.

खेळाडूंचा निरोप घ्यायलाही त्याला मिळालं नाही. जाण्याआधी सरावकेंद्रातल्या फळ्यावर त्यानं चार ओळी लिहिल्या. ज्या फळ्यावर एरवी बाण काढून कुणी कुठे पळायचं ते सांगायचं, त्या फळ्यावर. सगळ्यांचे आभार, निरोप घेता येत नाही, तुम्ही कायम मनात राहाल, असा मजकूर. त्याच्या सहायकानं त्या फळ्याचा फोटो लोकांसमोर ठेवला. गोलपोस्ट आणि पेनल्टी बॉक्सच्या छापील रेघा, आणि त्यांच्यामधून मार्करनं लिहिलेलं ते निरोपाचं पत्र. माझ्या मते परत-आणा पक्षाची स्थापना त्या फोटोनं केली. माद्रिदनं नव्हे, ॲमस्टरडॅमनंही नव्हे.

कारण एरवी बघा. मॅनेजर काढणं ही टॉटनहॅममध्ये नवलाईची गोष्ट नाही. २००७ मध्ये मार्टिन योल संघाच्या बाकावर बसलेला असताना त्याला काढल्याची बातमी स्टँडमध्ये पसरली होती, गेताफेविरुद्धचा सामना चालू असताना. हॅरी रेडनॅपला २०१२ मध्ये काढलं, चौथा नंबर आलेला असताना. दोघंही लाडके होते, पण म्हणून त्यांना परत आणा असं कुणी वर्षानुवर्षं घोकत बसलं नाही. पोचेत्तिनोच्या बाबतीत ते झालं, कारण काढण्याचं कारण लोकांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. ज्याच्याकडे पैसे मागितले त्यानं दिले नाहीत, आणि संघ थकला तेव्हा मागणाऱ्यालाच घरी पाठवलं. चाहत्यांच्या लेखी हे खातं बंद झालंच नाही.

म्हणून माझं दादाशी एक जुनं भांडण आहे. तो म्हणतो, आपल्याला पोचेत्तिनो हवाय. मी म्हणतो, आपल्याला लेवीची कबुली हवी आहे. पोचेत्तिनोच्या नावाची घोषणा दिली जाते ती मैदानाकडे तोंड करून, पण तिचा रोख असतो वरच्या डायरेक्टर्स बॉक्सकडे. त्याला परत बोलावणं म्हणजे "मी चुकलो" हे चेअरमननं सही-शिक्क्यानिशी मान्य करणं. आणि लेवीसारखा माणूस ते करणार नाही हे जितकं पक्कं होत गेलं, तितकी घोषणा जोरात झाली.

पुढची पाच-सहा वर्षं बघितली तर हे पटेल. एप्रिल २०२१ मध्ये मोरिन्होला काढलं, तेही लीग कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरलेले असताना. त्या उन्हाळ्यात क्लबनं पॅरिसला पोचेत्तिनोकडे विचारणा केल्याच्या बातम्या आल्या. तो तेव्हा पीएसजीचा मॅनेजर होता. दादानं तर त्याच्या पहिल्या सामन्याचं तिकीट कुणाच्या नावावर काढायचं हेसुद्धा ठरवलं होतं. शेवटी सव्वादोन महिने शोधाशोध करून नुनो एस्पिरितो सांतोला आणलं आणि चार महिन्यांत त्यालाही घालवलं. मग अंतोनियो काँते. मार्च २०२३ मध्ये साउदॅम्प्टनशी ३-३ बरोबरी झाल्यावर काँते पत्रकार परिषदेत जो फुटला, त्यात त्यानं खेळाडूंना तर झोडपलंच, पण या क्लबला वीस वर्षं तोच मालक आहे आणि जिंकलं काहीच नाही, हेही बोलून टाकलं. आठवडाभरात तोही गेला. त्या वेळी पोचेत्तिनो मोकळा होता, घरी बसलेला. यापेक्षा सोपा मुहूर्त कुठला असणार होता? लेवीनं बोलावलं नाही. मे महिन्यात चेल्सीनं बोलावलं आणि तो गेला.

चेल्सी म्हणजे टॉटनहॅमच्या चाहत्याच्या दृष्टीनं काय, हे सांगायला २ मे २०१६ ची तारीख पुरे. स्टॅम्फर्ड ब्रिजवर २-० आघाडी घेऊन २-२ झालं, लीग लेस्टरकडे गेली आणि एका सामन्यात टॉटनहॅमच्या नऊ खेळाडूंना पिवळी कार्डं मिळाली. त्या वेळी भांडणं सोडवायला मैदानात घुसलेला मॅनेजर आता त्यांच्या बाकावर. डॉक्टरनं लगेच खटला निकाली काढला. दादा दोन दिवस फोनवर आला नाही. मग म्हणाला, "पोटापाण्याचा प्रश्न आहे रे. आपणच घेतलं नाही, तर त्यानं काय करायचं?" माणसाला माफ करायचंच असेल तर कारण सापडतं.

६ नोव्हेंबर २०२३ ला तो चेल्सीला घेऊन आमच्या मैदानावर आला. त्या वेळी नवा मॅनेजर आंग पोस्टेकोग्लूचं टॉटनहॅम लीगमध्ये एकही सामना हरलेलं नव्हतं. इथे मध्यरात्र उलटून दीड वाजता सामना सुरू झाला. कुलुसेव्हस्कीनं सहाव्या मिनिटाला गोल केला. नंतर रोमेरो लाल कार्ड घेऊन बाहेर, व्हॅन डे व्हेन आणि मॅडिसन लंगडत बाहेर, दुसऱ्या सत्रात उडोगीलाही लाल कार्ड. उरले नऊ जण. शहाण्या माणसानं नऊ जणांना पेनल्टी बॉक्ससमोर भिंतीसारखं उभं केलं असतं. पोस्टेकोग्लूनं बचावफळी थेट मध्यरेषेपाशी नेऊन ठेवली. गोलकीपर विकारियो स्वतःच्या बॉक्सबाहेर येऊन चेंडू तुडवत होता. बराच वेळ चेल्सीला काही सुचेना. शेवटी जॅक्सननं तीन गोल केले आणि ४-१ हरलो, पण सामना संपल्यावर स्टँडमधल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या संघासाठी. त्या रात्री पोचेत्तिनो जिंकून गेला आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. सोसायटीतल्या मुलानं सकाळी लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काका, मग? अजून हवाय का तो?"

बरं, चेल्सीला गेलेला माणूस परत येऊच शकत नाही, असंही नाही. हॅरी रेडनॅप २००४ मध्ये पोर्ट्समथ सोडून साउदॅम्प्टनला गेला. ही दोन शहरं एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. साउदॅम्प्टन त्याच्या हाताखाली खालच्या श्रेणीत घसरलं आणि वर्षभरात तो पोर्ट्समथला परत. आधी शिव्या खाल्ल्या, मग संघ वाचवला आणि २००८ मध्ये एफए कप जिंकून दिला. फुटबॉलच्या चाहत्याची निष्ठा कडवी असते, पण एका चषकापुढे ती मऊ पडते.

परत बोलावलेल्या मॅनेजरांचं पुढे काय होतं यावर डॉक्टरकडे भलीमोठी यादी तयार असते. त्यातली निम्मी नावं मी ऐकून सोडून देतो. केनी डॅल्ग्लिश वीस वर्षांनी लिव्हरपूलला आला, लीग कप जिंकला, आठवा नंबर आला, गेला. झिदान दहा महिन्यांत रेआल माद्रिदला परतला आणि एक लीग जिंकून पुन्हा निघून गेला. लॅम्पार्ड २०२३ मध्ये चेल्सीला तात्पुरता आला आणि अकरा सामन्यांत एकच जिंकला. यातून सिद्ध काय होतं? काहीच नाही. त्याच यादीत कार्लो अँचेलोत्ती आहे, जो माद्रिदला दुसऱ्यांदा आला आणि दोन चॅम्पियन्स लीग घेऊन गेला.

मला यादीपेक्षा दोन माणसं जवळून बघावीशी वाटतात, कारण आमच्या भांडणाचं उत्तर त्यांच्यात आहे असं मला वाटतं.

एक केव्हिन कीगन. न्यूकॅसलचा देव. नव्वदच्या दशकात त्यानं संघ लीग जिंकण्याच्या दारात नेऊन उभा केला, १९९६ च्या जानेवारीत बारा गुणांची आघाडी होती, ती गेली, आणि वर्षभरात तोही गेला. मग १६ जानेवारी २००८ ला क्लबचा नवा मालक माइक ॲशलीनं त्याला परत आणलं. त्याच रात्री घरच्या मैदानावर सामना होता. कीगन प्रेक्षकांत येऊन बसला तेव्हा शहराला दिवाळी झाली. आठ महिन्यांत, सप्टेंबरात, तो राजीनामा देऊन बाहेर. प्रकरण लवादापुढे गेलं तेव्हा कळलं की इग्नासियो गोन्सालेस नावाचा खेळाडू त्याच्या गळ्यात मारण्यात आला होता. कीगननं त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. तो कसा आहे म्हणून विचारलं, तर यूट्यूबवर बघ असं सांगण्यात आलं. संघात कोण घ्यायचं याचा शेवटचा शब्द आपला, अशी कीगनची समजूत होती; लवादानं ती मान्य केली आणि वीस लाख पौंडांची भरपाई दिली. तोवर न्यूकॅसल खालच्या श्रेणीत गेलं होतं. लोकांना हवा होता तो चेहरा मालकानं आणून दिला. अधिकार दिला नाही.

दुसरा युप हाइन्केस. बायर्न म्युनिकनं त्याला १९९१ मध्ये काढलं. काढणारा होता उली हनेस, त्याचा मित्र. पुढे हनेस उघडपणे सांगत राहिला की ती आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक. नुसतं सांगून थांबला नाही, परत परत बोलावलं. २००९ मध्ये मोसम संपवायला, २०११ मध्ये पूर्ण वेळ, आणि त्या खेपेला २०१३ मध्ये लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही. २०१७ च्या ऑक्टोबरात अँचेलोत्तीला काढल्यावर पुन्हा हाक मारली. हाइन्केस तेव्हा ७२ वर्षांचा, निवृत्त, शेतावर राहणारा. संघ डॉर्टमुंडपेक्षा पाच गुणांनी मागे होता. आला तो फक्त मोसम संपेपर्यंतच्या बोलीवर, आणि लीग संपली तेव्हा दुसऱ्या नंबरावरच्या शाल्केपेक्षा बायर्न एकवीस गुणांनी पुढे होतं.

आता या दोघांत हुशारीचा फरक होता असं म्हणता येईल. मला तो पटत नाही. फरक बोलावणाऱ्यात होता. हनेसनं आपलं देणं आधी फेडलं आणि मग काम सांगितलं. ॲशलीला लोकांचा आरडाओरडा थांबवायचा होता.

(मोरिन्हो या मांडणीत बसत नाही हे डॉक्टर दर वेळी दाखवून देतो. २०१३ मध्ये तो चेल्सीला लोकांच्याच आग्रहावरून परतला आणि २०१५ मध्ये लीग जिंकला. खरं आहे. मी त्याला सांगतो की त्याच वर्षी डिसेंबरात सोळाव्या नंबरावर असताना त्याला दुसऱ्यांदा काढलं. त्यावर डॉक्टर म्हणतो, मग काय झालं, लीग तर जिंकला. त्याचंही खरं आहे.)

परत येणाऱ्याचं भलं होतं ते बहुतेक वेळा गाजावाजा न होता, असंही माझं एक निरीक्षण आहे. डेव्हिड मॉइसला वेस्ट हॅमनं २०१८ मध्ये करार न वाढवता जाऊ दिलं आणि दीड वर्षात गुपचूप परत बोलावलं. कुणी घोषणा दिल्या नव्हत्या, उलट नाकं मुरडली. त्यानं २०२३ मध्ये प्रागला कॉन्फरन्स लीग जिंकून दिली. आपल्याकडचं उदाहरण हवं तर अंतोनियो हाबास. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच वर्षी कोलकात्याला विजेतेपद दिलं, मग २०१६ मध्ये आपल्या एफसी पुणे सिटीत आला. बालेवाडीला जाऊन ज्यांनी ते सामने पाहिलेत त्यांना त्याचा चेहरा आठवेल, हसण्याचं वावडं असल्यासारखा. तिथून पुन्हा कोलकाता, २०१९-२० चं विजेतेपद. पुढे तो कोलकात्याचा क्लब मोहन बागानशी एक झाला. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला मुंबई सिटीनं त्याच्या संघाला ५-१ असं धुतलं आणि महिना संपायच्या आत तो गेला. जानेवारी २०२४ मध्ये मोहन बागाननं तिसऱ्यांदा त्याच्याच हाती संघ दिला. एप्रिलमध्ये मुंबईला २-१ हरवून त्यानं साखळीतल्या पहिल्या नंबराची लीग शिल्ड मिळवली, आणि मे महिन्यात त्याच मैदानावर अंतिम सामन्यात मुंबईकडून ३-१ हरला. असा हिशेब बरोबरीत सुटायला नशीब लागतं.

टॉटनहॅमकडे वळू. २१ मे २०२५ ला बिल्बाओमध्ये ब्रेनन जॉन्सनच्या एका ओबडधोबड गोलवर मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांनी काहीतरी जिंकलं. जिंकून देणारा पोस्टेकोग्लू. त्याच मोसमात लीगमध्ये बावीस सामने हरून सतरावा नंबर, म्हणजे खालच्या श्रेणीच्या उंबऱ्यावर. सोळा दिवसांनी त्याला काढलं. सोसायटीतल्या मुलाचा आता स्वतंत्र पक्ष आहे. "परत आणायचंच असेल तर आंगला आणा. त्यानं निदान जिंकून दाखवलं." आमच्या डोळ्यांदेखत येरे माझ्या मागल्या.

मग ४ सप्टेंबर २०२५ ला लेवी गेला. चोवीस वर्षांहून जास्त काळ बसलेला माणूस एका निवेदनानिशी खुर्चीतून उठला. त्या दिवशी दादाला मी मुद्दाम फोन केला. वाटलं होतं तो पेढे वाटेल. तो म्हणाला, "आता मार्ग मोकळा झाला." मला नेमकं उलटं वाटत होतं. ज्याच्या तोंडून "चुकलो" ऐकायचं होतं तोच उठून गेला. नवे अधिकारी पोचेत्तिनोला उद्या घेऊन आले तरी त्यांनी त्याला काढलेलं नाही. त्यांची कबुली कसली? ती एक साधी नेमणूक असेल, आणि साध्या नेमणुकीसारखीच ती तोलावी लागेल. पॅरिसमध्ये त्यानं लीग जिंकली, पण त्या संघानं ती जिंकण्यात विशेष ते काय? चेल्सीत सहावा नंबर आला आणि वर्षभरात दोघांनी हातात हात देऊन निरोप घेतला. २०२४ मध्ये त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचं काम घेतलं. आणि ज्या संघाच्या आठवणीनं दादाचा कंठ दाटतो, तो संघ आहे कुठे? केन म्युनिकला, सॉन लॉस एंजेलिसला. माद्रिदच्या त्या अंतिम सामन्याला गेलेल्यांपैकी २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर क्लबात बेन डेव्हिसच काय तो उरला होता.

परत यायला आवडेल असं खुद्द पोचेत्तिनोनं अनेकदा बोलून दाखवलंय. त्यात खोटं काही नसावं. फळ्यावर तसा निरोप लिहिणारा माणूस असं बोलणारच. आणि मला तो नको आहे का? तसं नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या कोचला दहा वर्षांत अक्कल वाढत नाही असं कोण म्हणेल? तरुण पोरांना हाताशी धरून संघ उभा करणं त्याला येतं, आणि टॉटनहॅमला सध्या दुसरं काही परवडतही नाही.

फक्त त्याच्या नावाआधी मला दुसरी उत्तरं हवी आहेत. पहिल्या उन्हाळ्यात किती खेळाडू घेणार, कुणाच्या सांगण्यावरून घेणार, आणि नोव्हेंबरात चौदावा नंबर आला तर किती महिने कळ काढणार, एवढं क्लबनं आधी सांगावं. मी हे परवा पुन्हा मांडलं. दादा म्हणाला, असं जगातला कुठलाच क्लब लिहून देत नाही.

"मग कुणालाही आणा," डॉक्टर म्हणाला, "शनिवारी सामना किती वाजता आहे ते सांगा."